रोजनिशी लिहून काय मिळतं?

"घडलेलं सगळं मला ठाऊकच आहे. तेच परत लिहून काढण्यात काय हशील?" रोजनिशीचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो, आणि तो विचारणारा माणूस आळशी असतो असं मुळीच नाही. नव्या वर्षी बँकेकडून किंवा विमा एजंटाकडून आलेली डायरी त्यानं उत्साहानं उघडलेली असते. "सकाळी सहाला उठलो, ऑफिस, संध्याकाळी पाहुणे" अशी पहिली काही पानं भरतात. मग त्याच्या लक्षात येतं, की यात आपल्याला माहीत नसलेलं काहीच नाही. हात थांबतो, आणि उरलेल्या पानांवर किराण्याच्या याद्या येतात.

त्याचा प्रश्न रास्त आहे. फक्त त्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. जे घडलं ते आपल्याला कळलेलं आहे, ही एक. आणि जे कळलं ते डोक्यात जसंच्या तसं राहणार आहे, ही दुसरी. गेल्या पन्नासेक वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी या दोन्हींची कसून तपासणी केली आणि दोन्ही लंगड्या निघाल्या. रोजनिशीचा खरा उपयोग तिथूनच सुरू होतो.

१. पंधरा मिनिटं, सलग चार दिवस

अमेरिकेतल्या डॅलस शहरात, सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात जेम्स पेनेबेकर हे मानसशास्त्रज्ञ शिकवत होते. त्यांनी आणि त्यांची विद्यार्थिनी सँड्रा बील यांनी ४६ विद्यार्थ्यांना घेऊन एक प्रयोग केला. १९८६ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि या विषयावरच्या पुढच्या जवळजवळ सगळ्या अभ्यासाची सुरुवात त्यातून झाली.

प्रयोग साधा होता. प्रत्येकानं सलग चार दिवस, एकट्यानं बसून, रोज पंधरा मिनिटं लिहायचं. शुद्धलेखन, अक्षर, वाक्यरचना कशाचीही फिकीर करायची नाही. एका गटाला किरकोळ विषय दिले होते. बाकीच्यांनी आयुष्यातला एखादा जिव्हारी लागलेला प्रसंग लिहायचा होता. पण त्यांच्यातही तीन गट होते. काहींनी फक्त काय घडलं ते लिहायचं, काहींनी फक्त काय वाटलं ते, आणि काहींनी दोन्ही.

लिहून झाल्यावर लगेच ज्यांना सगळ्यात वाईट वाटत होतं, ते होते दोन्ही लिहिणारे. त्यांचा रक्तदाबही तेवढ्यापुरता चढला होता. पण पुढच्या सहा महिन्यांत विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात कोण किती वेळा गेलं याच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा सर्वांत कमी खेपा याच गटाच्या होत्या. नुसत्या घटना लिहिणाऱ्यांत आणि किरकोळ विषय लिहिणाऱ्यांत मात्र फारसा फरक नव्हता.

नव्यानं लिहू लागलेल्यांनी यातली एक गोष्ट मनावर घ्यायला हवी. अवघड विषयावर पहिल्यांदा लिहिलं की बरं वाटत नाही, उलट डोळे भरून येतात, रात्र जड जाते. पुष्कळ जण इथेच म्हणतात, "हे आपल्याला मानवत नाही," आणि वही मिटतात. प्रयोगातला फायदा त्या दिवशीचा नव्हता, नंतरच्या महिन्यांचा होता.

२. 'कारण' कधी येतं

लिहिल्यानं मन मोकळं होतं, असं आपण सहज म्हणतो. पण ओझं उतरणं एवढंच असतं, तर जे पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त संतापून, रडून लिहितात त्यांना सगळ्यात जास्त फायदा व्हायला हवा होता. पेनेबेकरांनी पुढे अशा लिखाणातले शब्द मोजणारा संगणक-प्रोग्रॅमच तयार करवून घेतला. नव्वदच्या दशकात त्यांनी अनेक प्रयोगांतली पानं त्यातून तपासली. ज्यांची तब्येत सुधारली त्यांच्या लिखाणात पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत दोन जातींचे शब्द वाढत गेलेले दिसले. एक जात 'कारण', 'म्हणून' अशा शब्दांची. दुसरी 'लक्षात आलं', 'आता समजतं' अशा शब्दांची. पहिल्याच दिवशी ज्यांच्याकडे सगळी गोष्ट बांधून तयार होती, त्यांना फारसं काही मिळालं नाही. गोष्ट लिहिता लिहिता जुळत गेली, तिथे उपयोग झाला.

हे नेमकं कसं होतं ते एका छोट्या उदाहरणानं पाहू. समजा, एका घरात वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. मुलगी सगळं करते आहे, परगावी राहणाऱ्या मुलाचा फोनही नाही. तिच्या वहीतली तीन दिवसांची पानं अशी असू शकतात.

सोमवार: "आजपण दादाचा फोन नाही. नुसता संताप. सगळं माझ्याच गळ्यात."

मंगळवार: "थेंब दिवसातून चार वेळा घालायचे. दर वेळी बाबा विचारतात, दादा कधी येतोय? मला राग दादाचा येतोय, की बाबा त्याचीच वाट बघतात याचा?"

बुधवार: "बहुतेक बाबांचाच. आणि दादा फोन करत नाही, कारण केला की मी आधी सुनावते. गेल्या खेपेला त्यानं पैशांचं विचारलं तर मी 'ठेव तुझे पैसे' म्हणाले होते. त्याला उद्या एवढंच सांगते, शनिवारच्या तपासणीला बाबांना तू घेऊन जा."

सोमवारच्या पानावर जे आहे ते तिला लिहिण्याआधीही ठाऊक होतं. बुधवारचं नव्हतं. मधल्या पानावर तिनं स्वतःला एक प्रश्न विचारला, आणि प्रश्न कागदावर उतरला की त्याला बगल देणं अवघड जातं. मनातल्या मनात घोळताना तेच वाक्य शंभर वेळा फिरतं. कागदावर ते दुसऱ्यांदा लिहायला आपल्यालाच नको होतं, म्हणून पुढचं वाक्य शोधावं लागतं. माझ्या मते रोजनिशीचा सगळ्यात मोठा गुण हाच आहे.

या पानांत आणखी एक बदल झाला आहे. सोमवारी सगळं 'माझ्या' भोवती आहे. बुधवारी दादाच्या जागी उभं राहून पाहिलेलं आहे. शेरलॉक कॅम्बेल आणि पेनेबेकर यांनी २००३ मध्ये याचाच अभ्यास मांडला. जे लोक एके दिवशी 'मी'च्या बाजूनं आणि दुसऱ्या दिवशी इतरांच्या बाजूनं लिहितात, म्हणजे ज्यांच्या लिखाणात सर्वनामं हलती राहतात, त्यांच्या दवाखान्याच्या खेपा अधिक कमी झालेल्या दिसल्या.

असाच एक प्रयोग नोकरी गेलेल्या लोकांवर झाला, १९९४ मध्ये. डॅलसमधल्या एका संगणक कंपनीनं अनुभवी इंजिनिअर कामावरून कमी केले होते. त्यांतल्या काहींनी पाच दिवस, रोज वीस मिनिटं, नोकरी गेल्याबद्दल मनात येईल ते लिहिलं. आठ महिन्यांनी या गटातल्या निम्म्याहून अधिक लोकांना पूर्णवेळ काम मिळालेलं होतं. किरकोळ विषयांवर लिहिणाऱ्या गटात हे प्रमाण साधारण पाचात एक होतं. नोकरीबद्दल लिहिणाऱ्यांनी जास्त अर्ज केले होते किंवा त्यांना जास्त मुलाखती आल्या होत्या, असंही नव्हतं. जुन्या मालकाबद्दलची चीड मुलाखतीत बोलण्यातून बाहेर पडायची ती आता पडत नव्हती, असा संशोधकांचा कयास होता.

हे सगळं वाचून कुणी लिखाणाला रामबाण औषध समजू नये. जोआन फ्रॅटारोली यांनी २००६ मध्ये अशा १४६ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. परिणाम खरा निघाला, पण सरासरीनं लहान. मला हा निष्कर्ष निराशेचा वाटत नाही. पंधरा मिनिटं, एक पेन आणि पाठकोऱ्या कागदाच्या मोबदल्यात लहानसा पण खरा फायदा मिळत असेल, तर तो घेण्यासारखा आहे.

३. "मी म्हटलंच होतं!"

आता दुसरं गृहीत. घडलेलं आपल्या लक्षात राहतं, हे.

२८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचं चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं आणि आतले सातही जण गेले. दुसऱ्याच दिवशी सकाळी अटलांटातल्या एमरी विद्यापीठात उल्रिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून एक प्रश्नावली भरून घेतली: बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होता, कुणी सांगितलं, काय करत होता? सुमारे अडीच वर्षांनी नायसर आणि निकोल हार्श यांनी त्यांतल्या ४४ जणांना गाठून तेच प्रश्न पुन्हा विचारले.

चौघांतल्या एकाचं तर झाडून सगळं चुकलं होतं. जो वर्गात असताना ऐकून आला होता, तो आता खोलीवर टीव्ही बघत असल्याचं सांगायचा, अशा जातीच्या या चुका होत्या. अनेकांना आपल्या उत्तराची पक्की खात्रीही होती. मग त्यांना त्यांच्याच हस्ताक्षरातली जुनी प्रश्नावली दाखवली. अक्षर आपलं आहे हे त्यांना पटलं, पण ती मूळ आठवण कुणालाही परत आली नाही. तिची जागा नव्या आठवणीनं घेऊन टाकली होती.

म्हणजे आठवण फिकट होते एवढंच नाही, ती बदलते, आणि बदलल्याचा सुगावाही लागू देत नाही. तारीख घातलेला एक कागद नसता, तर त्या मुलांना आयुष्यभर कळलं नसतं.

आपल्या स्वतःच्या मतांबाबत हे आणखी बोचरं होतं. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि रशियाच्या दौऱ्यावर निघायच्या आधी, बारूक फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी इस्रायलमधल्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, की या दौऱ्यांत काय काय होण्याची किती शक्यता वाटते? दौरे झाल्यावर त्यांना स्वतःचेच आकडे आठवायला सांगितले. ज्या गोष्टी घडल्या होत्या त्यांना आपण आधीच जास्त शक्यता दिली होती, असं बहुतेकांना आठवत होतं. प्रत्यक्षात दिली नव्हती. "मी म्हटलंच होतं!" हे वाक्य आपण घरोघरी ऐकतो, ते म्हणणारा खोटं बोलत नसतो, त्याला खरंच तसं आठवत असतं.

यातला तोटा मोठा आहे. आपले अंदाज नेहमी बरोबर येतात असं वाटत राहिलं, तर अनुभवातून शिकणार कसं? म्हणून मोठा निर्णय घेताना, निकाल लागायच्या आधी, चार ओळी लिहाव्यात. फ्लॅट घ्यायचा आहे: का घेतोय, दुसरा पर्याय कोणता होता, कशाची भीती वाटते, दोन वर्षांनी काय झालेलं असेल असं वाटतं. खाली तारीख. मुलाची शाखा निवडताना, नोकरी सोडताना, गावची जमीन विकताना हेच करावं. दोन वर्षांनी ते पान उघडलं, की आपण नशिबानं तरलो की विचारानं, हे स्वच्छ दिसतं. शिवाय निर्णय फसला असेल तर हेही दिसतं, की तेव्हा हाताशी जी माहिती होती तिच्या मानानं तो वेडेपणाचा नव्हता. स्वतःला उगाच दोष देत बसलेल्या माणसाला असं एक पान फार आधार देतं.

४. काय लिहिलं तर नंतर आठवतं

डच मानसशास्त्रज्ञ विलेम वागेनार यांनी स्वतःवरच प्रयोग केला. सहा वर्षं ते रोज त्या दिवसातली एखादी घटना चार भागांत टिपत राहिले: काय घडलं, कोण होतं, कुठे, केव्हा. असे सुमारे २,४०० प्रसंग जमले. नंतर त्यांनी स्वतःचीच परीक्षा घेतली. एक भाग वाचायचा आणि बाकीचे आठवतात का पाहायचं. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 'काय' हा धागा सगळ्यात जास्त उपयोगी ठरला. 'कोण' आणि 'कुठे' त्याच्या मागे. नुसत्या 'केव्हा'वरून जवळपास काहीच आठवेना.

आपल्या डायरीच्या पानावर छापील असतं ते 'केव्हा', आणि आपण बहुधा त्याचाच तपशील भरत जातो: सहाला उठलो, नऊला निघालो. अशी डायरी वर्षभरानं वाचली तर परक्या माणसाची वाटते, यात नवल नाही. तारीख हवीच, पण पुराव्यासाठी. आठवण जागी होण्यासाठी त्या दिवसातली एकच गोष्ट, माणसासकट आणि जागेसकट लिहावी. "संध्याकाळी पाहुणे आले" याऐवजी "मावशी आली, ओट्यापाशी उभ्या उभ्याच तिनं सांगितलं, की ती आता एकटी राहणार नाही." या एका वाक्यावर दहा वर्षांनी ती सबंध संध्याकाळ उभी राहते.

लिहायला एक वाक्यही पुरतं, हे यातून आपोआप येतं. रोज पान भरलंच पाहिजे या आग्रहापायी जितक्या वह्या अर्ध्यात सुटल्या असतील तितक्या कंटाळ्यापायी सुटल्या नसतील.

५. कालनिर्णयवरची खूण

काही नोंदींचा एकेकटीला काहीच अर्थ नसतो. दुकानदार रोजकीर्दीत व्यवहार घडतील तसे लिहितो. कोणाकडे किती थकलं ते त्यावरून कळत नाही. तेच आकडे खतावणीत एकेका खात्यावर चढवले, की चित्र दिसतं. रोजनिशीचंही तसंच आहे. लिहिणं हे अर्धं काम, महिन्या-दोन महिन्यांनी एकेक 'खातं' धरून वाचणं हे उरलेलं अर्धं.

एका बाईंना अर्धशिशीचा त्रास आहे, असं धरू. डॉक्टर विचारतात, "कधी दुखतं?" त्या सांगतात, "काही नेम नाही हो, कधीही." मग त्या भिंतीवरच्या कालनिर्णयवर, डोकं दुखेल त्या चौकोनात एक फुली आणि बाजूला दोन शब्द लिहू लागतात: 'झोप कमी', 'उन्हात फिरले', 'जेवण चुकलं'. दोन महिन्यांत सात फुल्या झाल्या. आता ओळीनं पाहिलं तर चार फुल्या संकष्टी किंवा एकादशीच्या चौकोनात, नाहीतर त्याला लागून. उपवास तर छापलेलाच असतो. फुलीनं त्याच्याशी नातं दाखवलं. उपाशी राहणं हे अर्धशिशीचं ओळखीचं निमित्त आहे. सात फुल्यांवरून शिक्कामोर्तब होत नाही, पण डॉक्टरांपुढे ठेवायला "कधीही"पेक्षा हे कितीतरी चांगलं. डॉक्टर डोकेदुखीची, रक्तदाबाची, साखरेची वही ठेवायला सांगतात ते यासाठीच.

नोंद ठेवण्यानं वागणंही बदलतं. वजन कमी करणाऱ्या सुमारे १,७०० लोकांच्या एका अमेरिकी अभ्यासात (२००८) रोज काय खाल्लं ते लिहिणाऱ्यांचं वजन, न लिहिणाऱ्यांच्या दुपटीनं उतरलं. 'दोन वडे' असं लिहावं लागणार हे माहीत असलं, की दुसरा उचलताना हात जरा विचार करतो.

खात्यांमध्ये एक खातं चांगल्या गोष्टींचंही असावं. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो यांनी २००३ मध्ये दाखवलं, की ज्यांनी आठवड्यातून एकदा, कृतज्ञ वाटावं अशा पाच गोष्टी लिहिल्या, त्यांना दहा आठवड्यांच्या अखेरीस आयुष्य अधिक बरं वाटत होतं. ते आठवड्यातून एकदाच लिहीत होते, हे ध्यानात ठेवावं. रोज ओढूनताणून आभार मानायची गरज नाही.

६. झोपण्यापूर्वीची पाच मिनिटं

रात्री अंथरुणावर पडलं की उद्याची कामं डोक्यात फेर धरतात. बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन यांनी ५७ तरुणांना झोपेच्या प्रयोगशाळेत ठेवून पाहिलं (२०१८). निम्म्यांनी झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढल्या दिवसांत करायच्या कामांची यादी लिहिली, निम्म्यांनी झालेल्या कामांची. करायच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली, आणि यादी जितकी बारकाईची तितकी लवकर. म्हणजे 'बँकेचं काम' असं मोघम न लिहिता 'पासबुक भरून घेणे, नॉमिनीचा फॉर्म आणणे' असं लिहावं. जिव्हारी लागलेल्या गोष्टींचं लिखाण मात्र रात्री उशिरा करू नये. ते लगेच जड वाटतं हे आपण पाहिलंच.

७. केव्हा थांबावं, आणि पानांचं काय करावं

सगळ्यांना सगळं लिखाण मानवतं असं नाही. जोडीदारापासून नुकतेच वेगळे झालेल्या ९० लोकांचा अभ्यास डेव्हिड स्बारा यांनी २०१३ मध्ये मांडला. ज्यांना मुळातच तेच ते उगाळत "असं का झालं" याचा छडा लावायची सवय होती, ते मनातलं खोलवर लिहायला लागल्यावर जास्त काळ दुःखात राहिले. आज काय केलं, कुठे गेलो, एवढंच लिहिणारे त्यांच्यासारखेच लोक लवकर सावरले. तेव्हा आठवडाभराची पानं वाचून पाहावीत. त्याच माणसावर, त्याच शब्दांत, तीच तक्रार येत असेल आणि 'कारण' कुठेच उगवत नसेल, तर तो विषय काही दिवस बाजूला ठेवावा, साध्या नोंदी लिहाव्यात, आणि विश्वासातल्या माणसाशी किंवा समुपदेशकाशी बोलावं.

शेवटी एक अडचण, जी आपल्याकडे खरोखरच मोठी आहे. दोन खोल्यांच्या घरात स्वतःचा कप्पा नसतो, आणि घरातल्या कुणी वाचलं तर, या धास्तीनं माणूस लिहीतच नाही, किंवा कुणीतरी वाचेल असं सजवून लिहितो. दुसरं पहिल्यापेक्षा वाईट, कारण त्यात 'दादा फोन करत नाही, कारण केला की मी आधी सुनावते' असं वाक्य कधीच येणार नाही. यावर साधा मार्ग आहे. जखमेबद्दलचं लिखाण सुट्या कागदांवर करावं आणि झालं की फाडून टाकावं. त्याचं काम लिहिण्यातच होऊन गेलेलं असतं, ते पुन्हा वाचायची गरज नसते. निर्णयांच्या चार ओळी, दुखण्याच्या खुणा, मावशीचं ते एक वाक्य मात्र वहीत लिहावं, तारीख घालावी आणि ती वही जपावी. त्यांचं काम अजून व्हायचं असतं.